मेट्सच्या चाहत्यांमध्ये बसताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जेवणाच्या सुट्टीत तुझ्या टेबलावरची ज्येष्ठ मंडळी मेट्स या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या पिचरपासून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापासून, सुरुवात करतात, तिथून कोणाच्या तरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर येतात आणि शेवटी निवृत्तीच्या खात्यांवर त्यांची गाडी थांबते. या तिन्हींपैकी एकाही विषयावर बोलण्यासारखे आपल्याजवळ काही नाही म्हणून तू फोन काढून बाजूला बसतेस, असे तू लिहिले आहेस. माझे तुला आग्रहाचे सांगणे आहे, बाजूला बसू नकोस. न्यूयॉर्कमधली माझी नोकरीची वर्षे अशाच माणसांच्या संगतीत गेली, आणि या देशात पैसा व प्रकृती कशी सांभाळतात हे मला जितके त्यांच्या गप्पांतून समजले तितके कोणत्याही माहितीपत्रकातून समजले नाही. मात्र त्यांच्या बोलण्यातले काय उचलायचे आणि काय तिथेच सोडायचे, याची पारख हवी. त्याविषयीच लिहितो.

आधी त्यांचा संघ समजून घे, म्हणजे माणसे समजतील. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि शहराचा मोठा भाग पोरका झाला. १९६२ मध्ये मेट्स आले ते डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग अंगावर घेऊन. पहिल्याच वर्षी त्यांनी ४० सामने जिंकले आणि १२० हरले. एका हंगामातल्या पराभवांचा हा आधुनिक काळातला उच्चांक २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने हरून मोडला, तेव्हा मेट्सचे घर असलेल्या क्वीन्स भागातल्या कितीतरी घरांत मनापासून हायसे वाटले. विजेतेपद दोनदाच आले, १९६९ आणि १९८६ मध्ये. २००७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचे १७ सामने उरलेले असताना हातात असलेली ७ सामन्यांची आघाडी त्यांनी घालवली, आणि तुझ्या टेबलावर कोणी नुसते 'सप्टेंबर' म्हटले तरी सगळे गप्प होतात ते त्यामुळे. एवढे सोसूनही एप्रिल उजाडला की हीच माणसे १६२ सामन्यांसाठी नव्या उमेदीने तयार होतात. त्यांच्या या निष्ठेबद्दल मला फार आदर आहे. पण संघावर जीव लावताना उपयोगी पडणारी ही उमेद पैशाच्या बाबतीत घातक ठरू शकते, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण याच संघाच्या इतिहासात आहे.

दर वर्षी १ जुलै आला की तुझ्या टेबलावर बॉबी बोनिया या जुन्या खेळाडूचे नाव निघेल. मंडळी हसतील, कोणी कपाळावर हात मारील. त्या वेळी नीट ऐक, कारण चक्रवाढ व्याजाचा इतका चांगला धडा क्वचित मिळतो. २००० साली मेट्सना हा खेळाडू नको होता, पण करारापोटी त्याचे ५९ लाख डॉलर देणे होते. ते लगेच देण्याऐवजी ८ टक्के व्याजाने पुढे ढकलावेत आणि २०११ ते २०३५ अशी २५ वर्षे दर १ जुलैला ठरावीक हप्ता द्यावा, असे ठरले. तो हप्ता ११,९३,२४८ डॉलरचा आहे. कागद-पेन्सिल घेऊन तू स्वतः मांडून बघ: ११ वर्षांत ५९ लाखांचे सुमारे १ कोटी ३८ लाख होतात, आणि त्याच दराने ते २५ वार्षिक हप्त्यांत वाटले की हाच आकडा येतो. एकूण रक्कम होते जवळजवळ २ कोटी ९८ लाख. यात कोणतीही जादू नाही आणि लबाडीही नाही. एका माणसाने पैसे आज न घेता थांबायचे कबूल केले, एवढेच घडले. टेबलावरची मंडळी या गोष्टीत संघाची फजिती पाहतात. तू मात्र बोनियाच्या बाजूने ती पाहा, कारण तुझे वय आज २६ आहे आणि थांबण्यासाठी लागणारी वर्षे त्या टेबलावर सर्वांत जास्त तुझ्याजवळ आहेत.

आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू. त्या काळच्या मालकांचे बरेच पैसे बर्नार्ड मॅडॉफ याच्याकडे गुंतवलेले होते आणि कागदोपत्री तिथे वर्षानुवर्षे दहा-बारा टक्क्यांच्या आसपास, फारसा चढउतार नसलेला परतावा दिसत होता. ज्याला बारा मिळत असल्याचे दिसते, त्याला आठ टक्क्यांनी देणे लांबवणे फायद्याचेच वाटणार. डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफला अटक झाली आणि तो परतावा नवीन लोकांच्या पैशांतून जुन्यांना देण्याचा खेळ होता हे उघड झाले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे मालकांनी सांगितले. २०१२ मध्ये त्यांनी १६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली आणि २०२० मध्ये संघ स्टीव्ह कोहेन यांच्याकडे गेला. इतके मोठे, सल्लागारांनी वेढलेले लोक जिथे गुळगुळीत आकड्यांना भुलले, तिथे न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एखाद्या कार्यक्रमात भेटलेल्या आपल्याच माणसाने 'खात्रीचे बारा टक्के' म्हटले तर तू काय करायचे, हे वेगळे सांगायला नको. शेअर बाजाराचा खरा परतावा कधीही सरळ रेषेत येत नाही. जो येतो असे म्हणेल त्याच्याशी बेसबॉलवर बोलावे, पैशावर बोलू नये.

तुझ्या स्वतःच्या खात्याकडे येतो. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती-बचत योजनेत नाव लागलेले आहे, असे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. किती टक्क्यांवर लागले आहे ते बघ. अनेक कंपन्या नव्या कर्मचाऱ्याला आपोआप ३ टक्क्यांवर लावतात आणि माणसे वर्षानुवर्षे तिथेच राहतात. समजा, तुझा पगार ९०,००० डॉलर आहे आणि पहिल्या ६ टक्क्यांवर कंपनी निम्मी भर घालते. तू ६ टक्के ठेवलेस तर तुझे ५,४०० आणि कंपनीचे २,७००. तू ३ टक्क्यांवर राहिलीस तर कंपनीचे १,३५०. उरलेले १,३५० डॉलर हा तुझ्या पगाराचाच भाग आहे आणि तो तू दर वर्षी टेबलावर ठेवून उठतेस. कंपनीची भर पूर्णपणे तुझ्या मालकीची कधी होते, तेही वाचून ठेव; काही ठिकाणी ती तीन वर्षांनी एकदम मिळते, काही ठिकाणी सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने. व्हिसावर असलेली आपली मुले नोकरी बदलताना पगाराचा आकडा बघतात आणि दोन महिने थांबल्यास हाती आली असती ती रक्कम सोडून जातात.

त्या खात्यातल्या फंडांच्या शुल्काचा रकाना मात्र भिंग घेऊन वाचावा असा आहे. १०,००० डॉलर ३५ वर्षे ७ टक्क्यांनी वाढले तर साधारण १,०६,८०० होतात; १ टक्का शुल्कात जाऊन ते ६ टक्क्यांनी वाढले तर ७६,९०० होतात. एका टक्क्याने चौथ्या हिश्श्याहून अधिक खाल्ले. तुमच्या योजनेत संपूर्ण बाजाराचा स्वस्त इंडेक्स फंड (शेअर निवडत न बसता बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा) असेल तर तो घे, आणि टेबलावर कोणी एखाद्या गाजत असलेल्या शेअरचे नाव घेतले तर ते नव्या पिचरच्या कौतुकाइतक्याच प्रेमाने ऐक.

आणखी एक गोष्ट त्या मंडळींना ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ती आपल्यासारख्यांपुरती आहे. तुझ्या पगारातून सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी ६.२ टक्के कापले जातात. त्याचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम. भारत आणि अमेरिका यांच्यात या वर्षांची बेरीज मान्य करणारा करार नाही. आठ वर्षे काम करून पुण्याला परतलीस तर ती कपात तुला परत मिळणार नाही. परतायचे की राहायचे, हे त्यावरून ठरवावे असे मी म्हणत नाही. पण ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर असू दे. पुण्यात तुझ्या नावावर असलेला म्युच्युअल फंड आणि बँकेतल्या ठेवी यांचीही इथल्या करखात्याला माहिती द्यावी लागते. परदेशातल्या सर्व खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळा अहवाल भरावा लागतो. हे काम जाणकार करसल्लागाराकडून करून घे.

प्रकृतीविषयी त्या टेबलावर जे बोलले जाते ते तुला रटाळ वाटते. ते वाटू देऊ नकोस. सिटी फील्ड या मेट्सच्या मैदानावर माझ्या शेजारी बसणारे एक निवृत्त सिग्नल दुरुस्ती कामगार होते. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात बुटकी पेन्सिल. डबल प्ले झाला, म्हणजे एकाच खेळीत दोघे बाद झाले, की ६-४-३ असे खेळाडूंच्या जागांचे आकडे इतक्या नेटकेपणाने चौकटीत बसवायचे की पाहत राहावे. सातव्या इनिंगला सगळे स्टेडियम उभे राहून गाऊ लागले की ते खिशातून वारांच्या कप्प्यांची औषधांची डबी काढायचे, त्या दिवसाचा कप्पा अंगठ्याने उघडायचे आणि गोळ्या घेऊन मगच गाण्यात सामील व्हायचे. रक्तदाबाची गोळी त्यांची कधी चुकली नाही, कारण ती त्यांनी खेळाला बांधून टाकली होती. निवृत्तीबद्दल ही माणसे 'अजून तीन हंगाम' असे बोलतात, त्यामागेही प्रकृतीच असते. मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा ६५ व्या वर्षी सुरू होतो, आणि त्याआधी नोकरी सोडली तर आरोग्यविम्याचा सगळा भार स्वतःवर येतो. गुडघे दुखत असूनही ते कामावर का येतात, याचे उत्तर बहुधा तिथे सापडेल.

तू तरुण आहेस, पण आपल्या वंशाची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण आशियाई माणसांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात दक्षिण आशियाई वंश हाच एक जोखीम वाढवणारा घटक धरला आहे, आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी इतरांना लावला जाणारा २५ चा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ वर आणला आहे. वर्षातून एकदा होणारी प्रतिबंधक तपासणी बहुतेक विम्यांत विनाशुल्क असते. तिला जा, आणि तुझ्या वडिलांचा मधुमेह कोणत्या वयात सुरू झाला हे डॉक्टरांना आपणहून सांग.

विम्याच्या फॉर्मवर अपंगत्व विम्याची एक चौकट असते, जी तुझ्या वयाची मुले रिकामी सोडतात. मेट्सचा कर्णधार डेव्हिड राइट आठवतो का, असे टेबलावर विचार. २०१५ मध्ये त्याच्या मणक्याचा विकार निदानात आला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो शेवटचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या कराराची दोन वर्षे बाकी होती. त्याच्या वेतनाचा मोठा भाग विम्यातून भरून निघाला, कारण संघाने त्याचा विमा उतरवून ठेवला होता. तुझी सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पुढची पस्तीस वर्षे काम करून पगार मिळवण्याची तुझी क्षमता. तिचा विमा कंपनीमार्फत थोडक्या पैशांत मिळत असेल तर तो घेण्यात मागेपुढे पाहू नकोस.

यातले सगळे एका दिवशी करायला नको. या आठवड्यात योगदानाची टक्केवारी तपासून ६ वर आण, आणि शुल्काचा रकाना दिसेल असे योजनेचे पान मला पाठव. मी वाचून खुणा करून देतो. तपासणीची वेळ त्यानंतर घे. उन्हाळ्यात एखाद्या रविवारच्या दुपारच्या सामन्याला त्या मंडळींबरोबर जा. ७ क्रमांकाच्या गाडीने एक स्थानक पुढे फ्लशिंगला उतरलीस तर बाऊन स्ट्रीटवर १९७७ पासूनचे गणपतीचे मंदिर आहे आणि त्याच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये डोसा चांगला मिळतो. सामन्याआधी त्यांना तिथे घेऊन जा. संघाचे त्यांनी तुला सांगावे, डोशाचे तू त्यांना सांगावेस.

घरी सर्वांना नमस्कार कळव.

तुझा,
काका