‘हेमिडेमिसेमिक्वेव्हर’ची फोड कशी करायची आणि जोर कुठे द्यायचा?

‘हेमिडेमिसेमिक्वेव्हर’ हे पाश्चात्त्य संगीतातल्या एका अगदी छोट्या लांबीच्या स्वराचं इंग्रजी नाव. तुमच्या मुलीने पियानोच्या थिअरीसाठी त्याची हे-मि-डे-मि-से-मि-क्वे-व्हर अशी फोड केली आणि शब्दकोशात हेम्-इ-डेम्-इ-सेम्-इ-क्वे-व्हर सापडली, म्हणून तुम्ही गोंधळलात. तुकडे दोन्हींत आठच आहेत. देवनागरीत अक्षरं मोजलीत तर नऊ भरतील, पण शेवटचं ‘व्हर’ बोलताना एकच.

भांडण आहे ते ‘म’ कोणाच्या पदरात टाकायचा याचं. जोर असलेला ऱ्हस्व स्वर इंग्रजीत तुकड्याच्या शेवटी उघडा ठेवत नाहीत, असं बरेच कोशकार धरून चालतात. म्हणून ‘म’ मागे ओढून ‘सेम्’ करतात. ‘क्वे’तला स्वर मात्र मुळातच लांब, जवळजवळ ‘क्वेइ’. त्याला टेकू लागत नाही, म्हणून तिथला ‘व्ह’ पुढच्या तुकड्यात जातो. ही सगळी कागदावरची शिस्त. बोलताना ‘हेम्’ म्हणून कोणी थांबत नाही, तेव्हा मुलीची फोड तोंडी सरावाला खुशाल चालू द्या. ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली, तर हेमि, डेमि, सेमि यांच्या सांध्यावरच तोडावा.

आता जोर. मुख्य जोर ‘से’वर. ‘हे’, ‘डे’ आणि ‘क्वे’ यांवर दुय्यम, बाकी सगळं हलकं. कारण शब्द थराथराने वाढला आहे: ‘सेमिक्वेव्हर’मध्ये जोर ‘से’वर असतो, आणि त्याच्या आधी ‘डेमि’ लागो की ‘हेमि’, तो जागचा हलत नाही. पूर्ण स्वराच्या अर्ध्याचं अर्धं करत चौसष्टाव्या भागापर्यंत आलेला हा संगीतातला स्वर. लिहिताना त्याच्या दांडीला शेपट्या चार.

आपण मराठी माणसं आठही तुकडे एकाच वजनाने म्हणतो, वर ‘मि’चा ‘मी’ करतो. तिथेच गाडी अडखळते. चार सावकाश टाळ्या वाजवायला सांगा: हे, डे, से, क्वे टाळीवर, उरलेले चार टाळ्यांच्या मधे. तिसरी टाळी जरा ठसक्यात. माझ्या शिकवणीत लहान मुलं याच युक्तीने शब्द पटकन उचलतात. मोठ्यांना मात्र टाळ्या वाजवायची लाज वाटते!

अमेरिकन पुस्तकात हाच स्वर ‘सिक्स्टी-फोर्थ नोट’ म्हणून भेटेल. तिथे जोर ‘फोर्थ’वर, ‘नोट’ हलकंच सोडायचं.