सोंगटी पुढे जाते ती कशामुळे?

मॅडम, सांगलीतल्या तुमच्या डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) विद्यार्थ्यांना गणितासाठी पटावरचा खेळ तयार करायला सांगितला की सगळे सापशिडीला प्रश्नांची कार्डं जोडून आणतात, मग पुढे काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्याकडेही कितीतरी वर्षं तेच यायचं. त्यात उदाहरण सोडवायचं ते फक्त फासा टाकायला मिळावा म्हणून; हार-जीत फासाच ठरवतो. म्हणून आता मी पहिल्याच दिवशी अट घालतो: गणित काढून घेतलं तर खेळ बंद पडला पाहिजे.

माझ्या विद्यार्थिनींच्या एका गटानं बेदाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर वीस घरं आखली, सोंगट्या म्हणून चिंचोके. प्रत्येकाला १ ते ९ मधली तीन कार्डं. त्यातल्या दोघांचा अपूर्णांक करायचा. ज्याचा मोठा, तो एक घर पुढे. तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीला हा खेळ दिला. एक मुलगा दरवेळी मोठा आकडा छेदात ठेवायचा. गटातली एक छात्राध्यापिका सांगायला पुढे झाली, तिला मी खुणेनं थांबवलं. तीनदा हरल्यावर त्यानं समोरच्याची कार्डं निरखून पाहिली आणि आपले २ आणि ७ उलटे केले: ७/२!

पण थोड्याच वेळात सगळ्यांनाच युक्ती कळली, मोठा वर, लहान खाली. खेळात राम उरला नाही. गटातल्या मुलींनी रात्री बसून नियम बदलला: १/२ च्या सर्वांत जवळ जाईल तो पुढे. दुसऱ्या दिवशी एकाला ३, ५, ८ आले. ३/८ ठेवायचा की ५/८, यावर जुंपली. दोन्ही अर्ध्यापासून एकेक अष्टमांश लांब. तेवढ्यात एकीनं ३/५ सुचवला. तो जवळ का, हे सांगताना छात्राध्यापिकाच अडली. मग एकाच लांबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीचे आठ भाग केले, दुसरीचे दहा, तेव्हा दिसलं की ३/५ एक दशांशच लांब आहे. छेद समान करून तुलना करायला ती शाळेतच शिकली होती. त्यामागचं कारण तिनं त्या दिवशी शोधलं.

तेव्हा गुण रंगरंगोटीला देऊ नका. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावात, एकच खेळ एकाच वर्गात तीनदा खेळवायला लावा आणि वही तपासा: कोणत्या मुलाचं काय पाहून कोणता नियम बदलला, मग काय झालं. एका वेळी एकच नियम बदलायचा, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही.

सापशिडीवाल्यांनाही परत पाठवू नका. फक्त प्रश्नांची कार्डं बाजूला ठेवून एक डाव खेळायला सांगा.