‘सल्लामसलत’ म्हणजे ‘वाटाघाटी’ नव्हेत

कामगार संघटनेसाठी भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की, कामगार धोरणाविषयीच्या मजकुरात कुठे ‘त्रिपक्षीय सल्लामसलत’, कुठे ‘त्रिपक्षीय वाटाघाटी’, तर कुठे ‘सामाजिक संवाद’ असे शब्द येतात. हे समानार्थी मानून त्यांतला कोणताही वापरला तर चालेल का? शिवाय ‘त्रिपक्षीय’ म्हटले की लोकांना तीन राजकीय पक्ष आठवतात, त्याला दुसरा चांगला शब्द आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘पक्ष’ म्हणजे मुळात पंख, आणि त्यावरून बाजू. शुक्ल पक्ष, पूर्वपक्ष, वरपक्ष, न्यायालयातला पक्षकार या सर्वांत ‘बाजू’ हाच अर्थ आहे, आणि राजकीय पक्ष हा त्याचा अलीकडचा विस्तार आहे. ‘सर्वपक्षीय बैठक’ या प्रयोगामुळे गोंधळ होतो हे खरे. पण मालक आणि संघटना यांच्यातला करार ‘द्विपक्षीय’ आणि त्यात शासन आले की ‘त्रिपक्षीय’, ही भाषा कामगार चळवळीत इतकी रुळलेली आहे की ती बदलण्याचे कारण मला दिसत नाही. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘शासन, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय बैठक’ असे लिहिले की शंका उरत नाही. (घरखरेदीतला ग्राहक, बिल्डर आणि बँक यांचा ‘त्रिपक्षीय करार’ ही वेगळी गोष्ट आहे.) राज्यघटनेसारखी किंवा कायद्याची औपचारिक भाषा हवी असेल तर ‘मालक’ऐवजी ‘नियोक्ता’ लिहावे, परंतु कारखान्याच्या फाटकावर वाटायच्या पत्रकात ‘मालक’च बरा.

पहिला प्रश्न मात्र खोलात जाण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना (आयएलओ) ज्याला सामाजिक संवाद म्हणते, त्यात माहितीची देवाणघेवाण, सल्लामसलत आणि वाटाघाटी हे तिन्ही प्रकार येतात. म्हणजे संवाद हे व्यापक नाव आहे आणि उरलेले दोन त्याचे निरनिराळे प्रकार आहेत. त्यांतला फरक मराठीला मुळातच ठाऊक आहे, आणि तो क्रियापदांत दिसतो. वाटाघाटी फिसकटतात, बोलणी मोडतात. पण ‘सल्लामसलत फिसकटली’ असे कोणी म्हणत नाही. वाटाघाटींना दोन्ही बाजूंची संमती लागते, म्हणून त्या मोडू शकतात. सल्ला दिला जातो, घेतला जातो, मानला जातो किंवा मानला जात नाही, आणि निर्णय ज्याच्या हाती होता त्याच्याच हाती राहतो. डॉक्टरांशी आपण सल्लामसलत करतो, वाटाघाटी करत नाही.

शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘सल्ला’ अरबी ‘सलाह’वरून आणि ‘मसलत’ ‘मस्लहत’वरून फारसीमार्फत मराठीत आली, दोन्ही एकाच धातूपासून निघाले असून त्या धातूत हित, योग्यता हा अर्थ आहे. तह या अर्थाचा हिंदीतला ‘सुलह’ हा शब्दही त्याच कुळातला. मराठीत मात्र तडजोडीची छटा या जोडशब्दात उतरली नाही. जुन्या पत्रव्यवहारात ‘मसलत’ खल किंवा बेत या अर्थाने येते.

हा फरक केवळ कोशापुरता नाही. 1919 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत प्रत्येक देशाचे शासनातर्फे दोन, मालकांतर्फे एक आणि कामगारांतर्फे एक असे चार प्रतिनिधी बसतात व प्रत्येक जण स्वतंत्रपणे मत देतो. यांतले बिगरसरकारी प्रतिनिधी त्या त्या देशातल्या सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडावेत, असे तिची घटना सांगते. इथे ‘सल्ल्याने’ असे भाषांतर केले तर अर्थच पालटतो. पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांतर्फे कामगार नेते ना. म. जोशी गेले तेव्हा देशात अखिल भारतीय कामगार संघटना नव्हती. 1920 मध्ये मुंबईत आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) ही तशी संघटना स्थापन होण्यामागे हे प्रतिनिधित्वाचे कारणही होते. याउलट याच आंतरराष्ट्रीय संघटनेचा 1976 चा 144 क्रमांकाचा करार, ज्याला भारताने 1978 मध्ये मान्यता दिली, तो नावापासूनच त्रिपक्षीय सल्लामसलतीचा आहे. त्यात सल्लामसलत परिणामकारक असावी असे बंधन आहे, एकमत झालेच पाहिजे असे नाही.

आपल्याकडे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना ऑगस्ट 1942 मध्ये दिल्लीत त्रिपक्षीय परिषद झाली, आणि तीच परंपरा पुढे भारतीय श्रम परिषद म्हणून चालली. 1957 च्या पंधराव्या परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे निकष ठरवले: प्रौढ माणसामागे 2700 कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, आणि असेच आणखी काही. ठराव तिन्ही बाजूंचा होता, तरी तो शिफारस होता, करार नव्हता, म्हणून तो आपोआप कोणावर बंधनकारक झाला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या वेतनाच्या प्रकरणात हेच निकष आधाराला घेऊन त्यांत मुलांचे शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी भर घातली. त्या परिषदेच्या वृत्तान्ताचे भाषांतर करताना कोणी ‘करार झाला’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या कामगाराची घोर दिशाभूल होईल.

भारतीय श्रम परिषदेचे 46 वे अधिवेशन जुलै 2015 मध्ये झाले. त्यानंतर जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार संहितांपैकी 2019 मध्ये वेतन संहिता आणि 2020 मध्ये उरलेल्या तीन श्रम संहिता संसदेने संमत केल्या. मसुद्यांवर त्रिपक्षीय सल्लामसलत केली, असे सरकारचे म्हणणे; परिषद न बोलावता, आमच्या हरकती विचारात न घेता संहिता आणल्या, असे अनेक केंद्रीय कामगार संघटनांचे म्हणणे. बैठका झाल्या की नाही एवढ्यापुरता हा वाद नाही. ऐकून घेणे म्हणजे सल्लामसलत, की ऐकलेल्याला उत्तर देणे हाही तिचा भाग, असा तो वाद आहे. ‘परिणामकारक’ या विशेषणात ते उत्तर अभिप्रेत आहे असे मला वाटते, म्हणून भाषांतरात ते गाळू नये.

‘सामाजिक संवाद’ हा प्रयोग मला पटत नाही. मराठी वाचक ‘सामाजिक’ म्हटल्यावर जातिधर्मांतला सलोखा, समाजकार्य अशा गोष्टींकडे वळतो. अधिकृत दस्तऐवजाचे नाव म्हणून तो जसाच्या तसा ठेवावा, एरवी ‘त्रिपक्षीय संवाद’ लिहावे.

तेव्हा भगिनींनी मूळ मजकुरात एकच प्रश्न विचारावा: दुसऱ्या बाजूने नकार दिला तर निर्णय अडतो का? अडत असेल तर ‘वाटाघाटी’, अडत नसेल तर ‘सल्लामसलत’. आणि व्याकरणाची एक बारीक गोष्ट: ‘वाटाघाटी’ या अर्थी बहुवचनातच चालतात, म्हणून ‘वाटाघाटी झाल्या’, ‘सल्लामसलत’ मात्र एकवचनी, ‘सल्लामसलत झाली’.