कात्रणावर हरकत घेताना

नौपाडा, ठाणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अणुप्रकल्पाच्या परवान्याला विरोध करणाऱ्या याचिकेवर अर्जदाराच्या वतीने तू केलेला उत्तराचा मसुदा वाचला. याचिकाकर्त्यांनी जोडलेल्या प्रत्येक कात्रणापुढे तू एकच वाक्य लिहिलं आहेस: वर्तमानपत्रातली बातमी ही ऐकीव माहिती, सबब ती विचारात घेऊ नये. परीक्षेत या उत्तराला गुण मिळाले असते. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगापुढच्या परवाना प्रकरणात मात्र ते टिकणार नाही. ते का, आणि त्याऐवजी काय लिहायचं, हे सविस्तर सांगतो. ऐरोलीच्या ऑफिसात तुला हे सांगायला कुणाला वेळ असेल असं वाटत नाही.

आधी प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते बघ. तुझं उत्तर कन्टेन्शन, म्हणजे वादाचा मुद्दा, सुनावणीसाठी दाखल करून घ्यायचा की नाही या टप्प्यावरचं आहे. इथे परवाना मंडळ, म्हणजे आयोगाचं सुनावणी घेणारं मंडळ, पुरावा तोलत नाही. आयोगाच्या नियमावलीतल्या (10 सीएफआर) कलम 2.309 मधल्या (एफ)(1) खालच्या अटी पुऱ्या होतात का, एवढंच ते पाहतं. पाचवी अट सांगते की मुद्द्याला आधार देणारी तथ्यं किंवा तज्ज्ञमतं थोडक्यात आणि स्रोतासह द्या. सहावी सांगते की अर्जातल्या नेमक्या भागाकडे बोट दाखवून अर्जदाराशी खरा वाद आहे हे दाखवा. वर्तमानपत्र हा स्रोत चालणार नाही, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘हे ऐकीव आहे’ असं म्हणालीस तर समोरचा वकील एका ओळीत उत्तर देईल की आम्ही अजून पुरावा दिलेलाच नाही. तुझी हरकत अशी हवी: या कात्रणातलं अमुक विधान अर्जाच्या कुठल्या प्रकरणातल्या कुठल्या विधानाला छेद देतं, ते याचिकेत दाखवलेलं नाही. दहा कात्रणं जोडून ‘यावरून धोका स्पष्ट होतो’ एवढंच लिहिलं असेल, तर तिथे तुझी बाजू भक्कम आहे. कात्रणातून मुद्दा शोधून काढणं हे मंडळाचं काम नव्हे.

पुढे प्रत्यक्ष सुनावणी लागली की 2.337 येतं. पुरावा संबंधित, महत्त्वाचा आणि विश्वासार्ह हवा, शिवाय त्यात निष्कारण पुनरुक्ती नको. तिथेही केवळ ऐकीव म्हणून कागद बाद होत नाही. लढाई विश्वासार्हतेवर होते, आणि विश्वासार्हता वाक्यावाक्याने तपासावी लागते.

ती कशी तपासायची ते एका कल्पित बातमीवर दाखवतो. मथळा: ‘प्रकल्पातून किरणोत्सारी गळती, भूजलात मर्यादेच्या पाचपट ट्रिशियम, तज्ज्ञांचा इशारा.’ मथळा बहुधा बातमीदाराचा नसतो, तो डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, दिला जातो, म्हणून आधी मजकूर वाच. ‘मर्यादा’ कुणाची? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या ट्रिशियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, मर्यादा लिटरला 20,000 पिकोक्युरी आहे, म्हणजे 740 बेकरेल (दोन्ही किरणोत्साराची एककं). जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला 10,000 बेकरेल आहे. अमेरिकी मर्यादेच्या पाचपट म्हणजे 3,700 बेकरेल. तेच पाणी एका मोजपट्टीवर पाचपट आणि दुसऱ्या मोजपट्टीवर तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त भरतं. नमुना कुठून घेतला? प्रकल्पाच्या कुंपणाआतल्या निरीक्षण विहिरीतून, की गावाच्या पिण्याच्या विहिरीतून? पिण्याच्या पाण्याची मर्यादा निरीक्षण विहिरीला सरळ लागू होत नाही. ‘तज्ज्ञ’ कोण, त्याने अहवाल पाहिला होता की फोनवर प्रतिक्रिया दिली?

एवढं झालं की मोह होतो, बातमी चुकीची ठरवून मोकळं व्हायचा. तसं करू नकोस. आकडा भडक असला तरी गळती खरी असू शकते. परवाना नूतनीकरणाच्या प्रकरणात जमिनीखालच्या पाइपांचं गंजणं आणि त्यांची देखभाल हा खराखुरा मुद्दा असतो. म्हणून बातमीमागचा मूळ कागद शोध. अमेरिकेतल्या प्रकल्पातल्या घटनेची बातमी बहुतेक वेळा एखाद्या नोंदीवरच उभी असते: त्याच नियमावलीतल्या कलम 50.72 खाली तातडीने, घटनेच्या गांभीर्याप्रमाणे एक, चार किंवा आठ तासांत दिलेली सूचना, 50.73 खाली 60 दिवसांत दिलेला घटना अहवाल. आयोगाच्या निरीक्षकांचा अहवाल. नाहीतर किरणोत्सारी विसर्गाचा वार्षिक अहवाल. आयोगाच्या ‘अ‍ॅडम्स’ या दस्तऐवज भांडारात प्रत्येक कागदाला ‘एमएल’ने सुरू होणारा क्रमांक असतो. बातमीतली तारीख धरून पुढचेमागचे दोन आठवडे चाळलेस तर कागद सहसा हाती लागतो. मूळ कागद बातमीला दुजोरा देत असेल तर त्या वाक्यावरची हरकत काढून टाक. समोरच्याने तो कागद उत्तरावरच्या प्रत्युत्तरात दाखवला, तर मंडळाचा तुझ्या बाकीच्या हरकतींवरचाही विश्वास उडेल.

भूकंपाच्या बातम्यांत एक चूक नेहमी आढळते: ‘प्रकल्प 7 रिश्टरचा धक्का सोसू शकतो’ किंवा ‘सोसू शकत नाही’. दोन्ही वाक्यं निरुपयोगी आहेत. अणुभट्टीचं संकल्पन प्रकल्पाच्या जागी जमीन किती त्वरणाने हलेल त्यावर होतं, आणि ते गुरुत्वत्वरणाच्या अंशात मांडतात. रिश्टरचा आकडा भूकंपाच्या केंद्राशी सुटलेल्या ऊर्जेबद्दल बोलतो. अंतर, खोली आणि मधला खडक कळल्याशिवाय एकावरून दुसरं काढता येत नाही. तशीच गल्लत मिलिसिव्हर्ट आणि मायक्रोसिव्हर्ट या किरणोत्साराच्या मात्रेच्या एककांची होते, तासाच्या दराची आणि एकूण मात्रेची होते, औष्णिक मेगावॉट आणि विद्युत मेगावॉटची होते. प्रत्येक आकड्यापुढे एकक स्वतःच्या हाताने लिही.

कात्रणांची संख्या पाहून दबू नकोस. पाच वर्तमानपत्रांत पाच बातम्या असतात, पण नीट पाहिलं तर पहिल्या ओळीच्या आधी एकाच वृत्तसंस्थेचं नाव असतं. तो स्रोत एकच. वाक्यं जुळवून बघ आणि उत्तरात तसं स्पष्ट लिही. पुनरुक्तीवरचा नियम इथे कामी येतो. नंतरच्या अंकात खुलासा किंवा शुद्धिपत्र छापलंय का, तेही पाहा.

मुदत संपल्यावर नवी बातमी आणून नवा मुद्दा मांडला जातो, तेव्हा 2.309 (सी) उघड. माहिती आधी उपलब्ध नव्हती, ती आधीच्या माहितीपेक्षा मूलतः वेगळी आहे आणि मुद्दा वेळेत मांडला, या तिन्ही गोष्टी याचिकाकर्त्याने दाखवायच्या असतात. बातमी काल आली म्हणून माहिती नवी होत नाही. ज्या अहवालावर बातमी लिहिली तो आठ महिन्यांपूर्वी भांडारात आला असेल, तर घड्याळ तिथून चालू होतं. माझ्या मते कात्रणाविरुद्धची सगळ्यात भक्कम हरकत हीच, आणि तुझ्या मसुद्यात ती अजिबात नाही.

आपल्याकडची परिस्थिती माहीत असू दे, कारण पुढेमागे तू इथली कामं घेशील. ‘बातमी म्हणजे पुरावा नव्हे’ हे सूत्र मुंबईच्याच एका खटल्याने पक्कं केलं. 1967 मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवलं. त्या निवडणुकीला आव्हान देताना आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’तल्या मजकुराचा मोठा आधार घेतला होता. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्यक्ष काय घडलं ते साक्षीदारांनी सिद्ध केल्याशिवाय नुसत्या बातमीला किंमत नाही. 1988 च्या लक्ष्मी राज शेट्टी खटल्यात आणखी स्पष्टता आली: अंक अस्सल आहे असं गृहीत धरता येतं, पण त्यात लिहिलेलं खरं आहे असं नाही. आता ते गृहीतक भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 80 मध्ये आहे. संकेतस्थळावरच्या बातमीची प्रत द्यायची तर कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन्ही भाग भरून आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिची आकड्या-अक्षरांतली ओळखखूण, नोंदवून.

पण अणुवीज प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीचं प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे जातं आणि हरित न्यायाधिकरण कायद्याचं कलम 19 म्हणतं की त्याला पुरावा कायद्याचे नियम बंधनकारक नाहीत. देवनारच्या कचऱ्यावरचा एक लेख वाचून न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली होती. तसा अधिकार त्याला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मान्य केलं. दखल घ्यायला लेख पुरतो. निष्कर्षाला मात्र पाहणी अहवाल लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरात आहे, पण तिथे अमेरिकेसारखी दोन पक्षांची परवाना सुनावणी होत नाही. म्हणून इथला माणूस जनसुनावणीत कात्रण घेऊन उभा राहतो. त्याच्याकडे तज्ज्ञ नेमायला पैसे नसतात. त्याच्या हातातला कागद ‘फक्त पेपर’ म्हणून झिडकारू नकोस, मग तू कुठल्याही बाजूने उभी असलीस तरी. त्यामागचा अहवाल शोधून त्यावर उत्तर दे.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे वर्तमानपत्र हाच मूळ पुरावा. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. नोटीस छापली का, कधी आणि कुठल्या आवृत्तीत, एवढंच सिद्ध करायचं असतं. तिथे ऐकीवपणाची हरकत लागूच होत नाही. सबंध पान जप, नुसतं कापलेलं कात्रण नको. प्रकल्पाच्या जिल्ह्यात न वाटल्या जाणाऱ्या आवृत्तीत नोटीस आली असेल, तर ते पानाच्या माथ्यावरच्या आवृत्तीच्या नावावरूनच कळेल.

आता मसुदा नव्याने कर. तक्त्यात पाच रकाने ठेव: बातमीतलं वाक्य, ते कोण म्हणतं, त्याला ते कसं कळलं, मूळ कागदाचा क्रमांक, अर्जातला संबंधित परिच्छेद. शेवटचे दोन रकाने रिकामे राहतील तिथेच हरकत लिही. आपल्या अशिलाने ‘स्थानिकांचा पाठिंबा’ दाखवायला जोडलेली कात्रणंही याच तक्त्यात घालून तपास.

उत्तराला याचिका मिळाल्यापासून 25 दिवस आहेत, आणि त्यावर समोरच्याला प्रत्युत्तराला 7. नियमांत बदल होत असतात, म्हणून आकडे चालू नियमावलीतून एकदा ताडून घे. ई-फायलिंगची वेळ त्यांच्याकडच्या पूर्व किनाऱ्याच्या रात्री 11:59 ची असते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 9:29 आणि हिवाळ्यात 10:29. डिजिटल प्रमाणपत्र किमान दहा दिवस आधी मागवावं लागतं. ते आजच मागव आणि तक्ता शुक्रवारपर्यंत मला पाठव.