वितरकावर रागावून अल्बम आधी काढून घेऊ नका

आपण लिहिले आहे की, प्रकाशनाच्या दिवशीच आपला अल्बम चार डाउनलोड-संकेतस्थळांवर आला, नोटीस पाठवून प्रती काढायला लावल्या तरी आठवड्याभरात त्या नव्या पत्त्यावर पुन्हा दिसतात, आणि अल्बम स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणारा वितरक दाद देत नसल्यामुळे त्याच्याकडून अल्बम काढून घेऊन मग दुसरा वितरक शोधण्याचा आपला विचार आहे. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले, कारण चार वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते आणि माझ्या संगीताच्या चोरट्या प्रतींना सर्वाधिक श्रोते मीच मिळवून दिले.

हक्कांचे करार, श्रेयनामावली वगैरे आपण केलेच असेल, असे धरून चालते. मी वकील नाही. पुढचे सारे एका छोट्या निर्मातीचा अनुभव म्हणूनच वाचावे.

जुन्या वितरकाला मी रागाच्या भरात अल्बम काढण्याची सूचना दिली. तो दोन दिवसांत सर्व स्ट्रीमिंग सेवांवरून नाहीसा झाला. नव्या वितरकाकडे फायली चढवताना प्रत्येक गाण्यासमोर आयएसआरसी क्रमांकाची चौकट होती आणि तिच्याखाली ‘क्रमांक नसल्यास रिकामी सोडा’ अशी बारीक अक्षरांतली सूचना होती. माझ्याकडे क्रमांक होते, पण जुन्या पत्रव्यवहारातून शोधून काढण्याचा कंटाळा आला आणि मी सर्व चौकटी रिकाम्या सोडल्या. हा बारा वर्णांचा क्रमांक रेकॉर्डिंगची कायमची ओळख असतो, तो वितरक बदलला म्हणून बदलायचा नसतो, हे मला ऐकून माहीत होते. पण रिकामी चौकट पाहून प्रणाली नवा क्रमांक देऊन टाकते, हे लक्षात आले नाही. त्यामुळे सेवांच्या लेखी जुनीच गाणी नवी ठरली, ऐकण्याचे जुने आकडे शून्यावर आले आणि श्रोत्यांच्या प्लेलिस्टमधल्या ओळी करड्या, म्हणजे न वाजणाऱ्या, होऊन पडल्या.

याहून वाईट पुढे घडले. व्हिडिओ-सेवेवरच्या ध्वनी-ओळख यंत्रणेत माझी गाणी अजून जुन्या वितरकाच्या नावावर नोंदलेली होती, म्हणून मी स्वतः चढवलेल्या व्हिडिओवर त्यांचा दावा आला. नव्या वितरकाने तो दावा सुटेपर्यंत अल्बम अडवून ठेवला. जुन्या वितरकाच्या मदतकक्षाने माझ्याकडे मालकीचा पुरावा म्हणून आमच्यातला करारच मागितला, जो त्यांनीच तयार केला होता आणि ज्याची प्रत त्यांच्याच प्रणालीत होती, पण खाते बंद केल्यामुळे मला ती उघडता येत नव्हती. मी हे कळवले की ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असे उत्तर येई आणि तीन दिवसांनी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद होई. असे पाच वेळा झाले. एकूण 41 दिवस माझा अल्बम अधिकृतपणे कोठेही नव्हता.

त्या काळात आलेले एक पत्र मी अजून जपून ठेवले आहे. ‘आपला अल्बम शोधूनही सापडला नाही, म्हणून एका संकेतस्थळावरून उतरवून घेतला, क्षमस्व, पैसे कोठे भरायचे ते कळवावे,’ असे एका श्रोत्याने लिहिले होते. शोधयंत्रात अल्बमचे नाव टाकले की पहिल्या पानावर सगळे चोरट्या प्रतींचेच दुवे येत होते. हा माणूस चोर नव्हता, त्याला दुसरे दारच उघडे नव्हते.

म्हणून माझे मत, एकांगी वाटले तरी, असे आहे की, पायरसी कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे अधिकृत प्रत सर्वत्र, एकाच वेळी आणि सहज मिळणे. 10 जुलै 2015 पासून अनेक देशांत नवे संगीत एकाच वारी, शुक्रवारी, प्रकाशित होऊ लागले, त्यामागे हाही विचार होता की एका देशातल्या श्रोत्याला दुसऱ्या देशाच्या मागून वाट पाहावी लागू नये. याउलट अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 2003 पासून हजारो सामान्य श्रोत्यांवर दावे लावले आणि 2008 मध्ये ते धोरण सोडून दिले. सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने 2005 मध्ये सीडींत लपवलेल्या, प्रती काढण्यास अटकाव करणाऱ्या कुलूप-सॉफ्टवेअरमुळे तर विकत घेणाऱ्यांचेच संगणक धोक्यात आले आणि त्या सीडी परत बोलवाव्या लागल्या. प्रामाणिक गिऱ्हाइकाला जाच करणारे कुलूप मी माझ्या गाण्यांना कधीच लावणार नाही.

नोटीस निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. ती संकेतस्थळाच्या मालकाला पाठवून सहसा काही होत नाही. होस्टिंग पुरवणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या संगणकांवर ते संकेतस्थळ ठेवलेले असते त्याला, आणि शोधयंत्राला पाठवावी, आणि तीत मुखपृष्ठाचा नव्हे तर प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता द्यावा. शोधयंत्रातून दुवा गेला की निम्मा त्रास संपतो, असा माझा अनुभव आहे, अर्थात प्रत्येकाचा तसा असेलच असे नाही. अमेरिकी कायद्याखालील नोटिशीत आपण हक्कदाराच्या वतीने बोलत असल्याचे शपथेवर सांगत असतो, तेव्हा समीक्षकाने वापरलेल्या वीस सेकंदांच्या तुकड्यावर ती ठोकू नये. जाता जाता, प्रकाशनापूर्वी समीक्षकांना प्रती देताना प्रत्येकाच्या फाइलमध्ये वेगळी अदृश्य खूण घालावी. सर्वांना एकच उघडा दुवा पाठवला, तर गळती कोठून झाली ते कधीच कळत नाही.

वितरक बदलायचाच असेल, तर खाते चालू असताना करार आणि सर्व आयएसआरसी क्रमांक उतरवून घ्या, त्याच क्रमांकांनी आणि त्याच ध्वनिफायलींनी अल्बम नव्या वितरकाकडे चढवा, आणि तो सेवांवर प्रत्यक्ष दिसू लागल्यावरच जुन्याला काढण्याची सूचना द्या. काही दिवस दोन्ही प्रती शेजारी दिसतील, त्याने बिघडत नाही. ध्वनी-ओळख यंत्रणेतला जुना दावा सोडल्याचे लेखी मिळेपर्यंत खाते बंद करू नका. त्या श्रोत्याला मी 42 व्या दिवशी नवा दुवा पाठवला, आणि त्याने खरोखरच अल्बम विकत घेतला.