थोडी गाठ आत ठेवली, म्हणजे शस्त्रक्रिया फसली का?

भाऊ, आपण डिचोलीहून लिहिले आहे की सहा वर्षांच्या मुलीच्या मज्जारज्जूत, छातीच्या मणक्यांच्या पातळीवर, सापडलेली गाठ तपासणीअंती ग्रेड १ची (सर्वांत सौम्य श्रेणीची, हळू वाढणारी) पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ठरली, आणि सर्जननी तिचा काही भाग मुद्दाम आत ठेवल्यामुळे घरची मंडळी शस्त्रक्रिया अर्धवट झाली असे म्हणत आहेत. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाची अशीच गाठ नऊ वर्षांपूर्वी काढली, त्या अनुभवावरून लिहिते.

ही गाठ मज्जारज्जूवर बाहेरून चिकटलेली नसते, ती त्याच्याच पेशींतून उगवते. त्यामुळे गाठ कुठे संपते आणि निरोगी मज्जारज्जू कुठे सुरू होतो, ही सीमा पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसत नाही. (एपेंडिमोमा या दुसऱ्या प्रकारात ती सीमा बहुधा सापडते, म्हणून तो पूर्ण निघाल्याच्या गोष्टी आपल्या मुलीला लावू नयेत.) मुलाच्या करंगळीपेक्षाही बारीक अशा त्या दोरीत काम चालू असताना पायांच्या स्नायूंपर्यंत पोहोचणारे विद्युत संदेश सतत तपासले जातात, आणि ते क्षीण होऊ लागले की सर्जन थांबतात. तिथे थांबणे म्हणजे पाय वाचवणे.

आमचे निदान सात महिने रखडले. मुलगा रात्री तीनला पाठदुखीने उठायचा आणि माझ्या खांद्याला टेकून बसला तरच झोपायचा, तरी एका डॉक्टरांनी ते वाढीचे दुखणे ठरवले. खरी खूण चपलेने दिली: डाव्या चपलेचा पुढचा भाग झिजून पातळ झाला होता, कारण तो पाऊल फरपटत होता. शस्त्रक्रियेला जाताना पायात जेवढी ताकद असते, त्यावर पुढचे चालणे सर्वाधिक अवलंबून असते. आपली मुलगी स्वतः चालत गेली, ही मोठी जमेची बाजू आहे. सुरुवातीचे काही आठवडे पाय आणखी दुबळे वाटू शकतात. आमचा मुलगा तीन आठवडे डाव्या पायावर भार देत नव्हता, आणि मी फिजिओथेरपिस्टकडे रोज तोच प्रश्न विचारून त्या बिचाऱ्यांना वैताग आणला.

उरलेली गाठ वर्षानुवर्षे तशीच राहू शकते, म्हणून ठरावीक अंतराने कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, म्हणजे गाठ ठळक दिसते) एमआरआय करतात आणि ती वाढली किंवा लक्षणे परतली तरच पुढचा उपचार ठरतो: पुन्हा शस्त्रक्रिया, किंवा कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टीन वा व्हिन्ब्लास्टीन यांसारखी केमोथेरपी. वाढत्या कण्यावरील दुष्परिणामांमुळे लहान मुलांत रेडिएशन शक्यतो टाळले जाते. कमी ग्रेडच्या या गाठींची बहुसंख्य मुले मोठी होतात. पण गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी मणक्यांची मागची कमान उघडलेली असल्याने पाठीला बाक येत नाही ना, हे वाढ पूर्ण होईपर्यंत तपासून घ्यावे लागते. आमच्याकडे एमआरआय नीट आला, आणि बाक मात्र मुलाच्या वयाच्या अकराव्या वर्षी दिसला.

एक काम आत्ताच करा. गाठीच्या नमुन्यावर बीआरएएफ जनुकाची तपासणी झाली आहे का, ते विचारा, कारण त्यातील बदलाच्या प्रकारानुसार ट्रामेटिनिबसारखी तोंडावाटे घ्यायची औषधे पुढे उपयोगी पडू शकतात. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा किंवा दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जा, पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा नमुना) आणि एमआरआयच्या सीडी सोबत असू द्या. आम्ही नुसता छापील अहवाल घेऊन गेलो, म्हणून आम्हाला मडगावहून दोनदा रेल्वे धरावी लागली होती.