जॉइंट खात्यातले पैसे नक्की कोणाचे?

प्रश्न: मॅडम, मी देवगड तालुक्यातली. पहिले मिस्टर वारल्यावर दुसरं लग्न केलं, रजिस्टर. यांचीपण पहिली बायको वारलेली, त्यांचे दोन मुलगे मुंबईला, माझी एक मुलगी. हे एसटीतून रिटायर झाले ते पैसे आमच्या जॉइंट खात्यात आहेत, एफडीला नॉमिनी मी, आणि माझे आंबापोळी-कोकमाचे पैसेपण तिथेच जातात. गणपतीला आला तेव्हा थोरला पासबुक बघून म्हणाला, बाबांच्या मागे यातला रुपया तुम्हाला मिळणार नाही. बँकेतल्या बाई म्हणतात सगळं तुमचंच. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही नाही ओ ताई. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं असेल तर एक गेल्यावर बँक दुसऱ्याला पैसे देऊन मोकळी होते, पण मालक कोण ते बँक ठरवत नाही. नॉमिनीचंही तसंच, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही हेच सांगितलं. म्हणजे पैसे तुम्ही काढाल, पण मुलगे हिस्सा मागू शकतात.

थोरल्याला मात्र सांगा की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्न कायदेशीर असलं की झालं, पहिलं की दुसरं ते कोणी विचारत नाही. मृत्युपत्र नसेल तर यांच्या स्वकष्टाच्या पैशाचे तीन सारखे भाग, तुम्ही आणि दोन मुलगे, सासूबाई हयात असल्या तर चार (त्यांना सगळे विसरतातच!). कलमांची बाग वडिलोपार्जित असेल तर त्यात मुलग्यांचा जन्मापासून हिस्सा, तो हिशोब वेगळा, सातबारा घेऊन वकिलाकडे जा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला काळजी तुमच्या मुलीची वाटते. यांना कितीही बाबा म्हणू दे, सावत्र बापाची ती वारस होत नाही. यांच्या मागे तुमच्या वाट्याला जे येईल ते पुढे तिला जाईल, थोरल्याचं खरं दुखणं बहुतेक हेच असणार, पण यांना स्वतः तिला काही द्यायचं तर मृत्युपत्रच हवं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीपण करायची, साक्षीदार घरातले नकोत. रजिस्टर करायची सक्ती नाही तरी करून टाका, कारण मुंबईहून शंका येणारच.

आणि आंबापोळीचे पैसे आता तुमच्या एकटीच्या खात्यात टाका, मुलीला नॉमिनी करा, दुकानदारांची बिलं जपून ठेवा. आजवरचे त्या जॉइंट खात्यात मिसळलेत, त्यातले तुमचे किती हे यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या.